वाळूवरची साय

"सोमवार, ६ मार्च १९७८. पहाटे गारवा, दुपारी ३६ अंश. दूधवाला पाऊण तास उशिरा. बुधवारी आलेली नवी काचपेटी चार दिवस पाणी भरून पाहिली, गळत नाही. आज ते पाणी काढून नवे भरले, चोवीस बादल्या. मासे अजून जुन्या पेटीतच. दुपारी शरच्चंद्रने अट घातली, रुपरावजींनी तिच्यावर आपली अट चढवली. दोन्ही मी जिन्यात उभी राहून ऐकल्या. संध्याकाळी जुन्या पेटीतली वाळू देवकीकडून धुऊन घेतली. स्वच्छ झाली."

या नोंदीतले शेवटचे दोन शब्द वाचताना आजही मी जरा ओशाळते. पण खोडलेले नाहीत. रोजनिशीत खाडाखोड करायची नाही, हा माझा शाळेपासूनचा नियम.

रुपराव गजभिये आमच्या धंतोलीच्या दवाखान्यात नऊ वर्षे होते. दवाखाना खाली, घर वर. माझे यजमान डॉ. मधुसूदन लहान मुलांचे डॉक्टर. ते १९७५ च्या ऑगस्टमध्ये गेले आणि दवाखाना त्यांच्या पुतण्याने, शरच्चंद्रने, चालवायला घेतला. पुढच्या वर्षी दारावर नंबर देण्यासाठी माणूस हवा होता, तेव्हा रुपरावजी आले. नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अठ्ठावन्न. अंगात खाकी शर्ट, खिशात दोन पेन्सिली. शरच्चंद्रने विचारले, "रेल्वेत काय करत होता?"

"पाणी पाहत होतो," ते म्हणाले.

ते अक्षरशः खरे होते. अजनीच्या बाजूला रेल्वेच्या पाण्याची जुनी गाळणी होती, तिला ते 'बेड' म्हणत. चार मोठे उघडे हौद, प्रत्येकात कमरेइतकी वाळू. वरून तलावाचे पाणी सोडायचे, ते वाळूतून सावकाश झिरपून खाली स्वच्छ निघायचे. एकविसाव्या वर्षी रुपरावजी तिथे लागले आणि सदतीस वर्षे त्यांनी त्या पाण्यावर नजर ठेवली. पांढऱ्या एनॅमलच्या ताटलीवर काळ्या रंगाने फुली काढलेली, ती दोरीने पाण्यात सोडायची आणि किती खोलीपर्यंत फुली दिसते ते वहीत लिहायचे. दिवसातून चार वेळा. लिहिता येत नव्हते म्हणून ते रात्रीच्या शाळेत गेले. पहिली वही भरली तेव्हा बायकोला, पार्वतीबाईंना, दाखवायला घरी नेली आणि साहेबाची बोलणी खाल्ली.

सुरुवातीच्या वर्षांत कॉलनीतल्या एका बाईंनी विचारले होते म्हणे, की बेडवर कोणत्या जातीचा माणूस आहे. रुपरावजी हे सांगताना हसत. "मी म्हटलं, बाई, मी फक्त पाहतो. गाळते वाळू. तिले विचारा तिची जात." छपन्न साली दीक्षेच्या दिवशी त्यांची पाळी होती. बेड सोडून जाता येईना. पार्वतीबाई मुले घेऊन गेल्या, दीक्षा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी नत्थूजी नावाच्या सोबत्याला बेडवर बसवून हे गेले. "म्हणून आमच्या घरी पार्वती माह्याहून एक दिवसानं मोठी बौद्ध आहे," असे ते सांगत, "अन् ते मले दर भांडणात आठवून देते."

एकाहत्तरला रेल्वेने नवी यंत्रे बसवली. चारांपैकी तीन बेड कोरडे पडले, चौथा कॉलनीच्या बागेपुरता राहिला. एक तरुण इंजिनियर त्यांना म्हणाला, की आता पाणी पाहायला माणूस लागत नाही. रुपरावजी चौथ्या बेडची वही भरत राहिले. पाच वर्षांनी तेच आमच्या दारावर येऊन उभे राहिले.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन फुटी काचपेटी होती. मुलांचे लक्ष सुईवरून उडावे म्हणून यजमानांनी चौसष्ट साली ठेवलेली. त्यांच्यामागे ती मी सांभाळत होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी मासे बादलीत काढायचे, पाणी सगळे ओतायचे, वाळू उकळत्या पाण्याने आणि मग जांभळ्या औषधाच्या पाण्याने धुवायची, काचा मिठाने घासायच्या. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना आरोग्यशास्त्र शिकवत. त्या म्हणत, "जंतू दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं समजू नका." मी कधी समजले नाही. माझी पेटी धुतल्यावर आरशासारखी चकाकत असे.

रुपरावजींनी आल्या आल्याच मला सांगितले होते, "बाई, वाळू धुऊ नका." मी विचारले, का. ते म्हणाले, "साय निघून जाते." मला ते विचित्र वाटले. वाळूवर कसली साय? मी हसून सोडून दिले.

मासे मधूनमधून मरत. मी नवे आणी. मासे म्हटले की मरायचेच, असे मी धरून चालले होते. पण सत्याहत्तरच्या सप्टेंबरात यवतमाळकडची एक आजी तापाने फणफणलेल्या नातवाला घेऊन बाकावर बसली होती. पेटीत एक सोनेरी मासा पोट वर करून तरंगत होता. देवकी, आमची दवाखान्यातली बाई, जाळी घेऊन येईपर्यंत आजी उठली. "जिथं मासोळी जगत नाई तिथं माहं लेकरू काय जगीन?" म्हणाली, आणि पोराला खांद्यावर टाकून गेली. शरच्चंद्र तपासण्याच्या खोलीच्या दारात उभा होता. त्याने ऐकले.

त्याच महिन्यात मी जिन्यावरून पडले आणि डावे मनगट मोडले. प्लॅस्टर, मग आखडलेला हात. पेटी रुपरावजींकडे गेली. ते आठवड्याला एक बादली पाणी बदलत, बाकी कशाला हात लावत नसत. मार्च येईपर्यंत नऊ मासे चांगले वीतभर झाले होते. दोन फुटांत त्यांना वळता येईना. उन्हाळा तोंडावर. लहान पेटीतले पाणी नागपूरच्या मे महिन्यात कोमट चहासारखे होते. मोठी पेटी घ्यायची असे मी ठरवले, ती आली, आणि शरच्चंद्रने विरोध केला.

"काकू, तेवढ्या जागेत चार बाकं मावतील. आणि ती आजी आठवते ना तुम्हाला?"

"सप्टेंबरपासून एकही मेला नाही," मी जिन्यातूनच म्हणाले.

"सहा महिने झालेत. नव्या पेटीत काय होईल कोणी सांगावं?" त्याने विचार केला. "ठीक आहे. एप्रिल संपेपर्यंत बघू. एक जरी मासा मेला तरी पेटी जाणार. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

रुपरावजी नंबराच्या पाट्या लावत होते. ते तिथूनच म्हणाले, "मेली तर पेटीसंगं मी बी जातो, डॉक्टरसाहेब. दोघायले एकाच हातगाडीवर न्या, भाडं वाचन."

शरच्चंद्र हसला, पण रुपरावजी हसले नाहीत, आणि मग तोही थांबला. त्यांना पेन्शन होती, पोटाचा प्रश्न नव्हता. मी वर येताना त्यांना जिन्यात विचारले, "असं कशाला बोललात?"

"इंजिनियरनं मले विचारलंच नोतं, बाई," ते म्हणाले. "डॉक्टरनं अट तरी घातली. अटीले उत्तर देता येते."

इतके बोलून ते घरी गेले. जाण्याआधी जुन्या पेटीतली सगळी वाळू आणि फिल्टरच्या डब्यातला कापूस त्यांनी दोन बादल्यांत काढून, पेटीतलेच पाणी वर ओतून, ओल्या पोत्याने झाकून ठेवला. मासे वाळू काढलेल्या जुन्या पेटीतच. नव्या पेटीतले नळाचे पाणी एक दिवस उभे राहू द्यायचे, त्यातल्या औषधाचा वास उडू द्यायचा, आणि सकाळी ती वाळू नव्या पेटीत घालायची, असा त्यांचा बेत होता.

संध्याकाळी मी खाली आले आणि पोते उचलून पाहिले. वाळू तपकिरी, बुळबुळीत, तळ्याच्या काठासारखा वास. शेजारी चार फुटांची नवी कोरी पेटी. माझे मनगट बरे झाले होते. नव्या घरात जुनी घाण कशाला न्यायची, असे माझ्या मनात आले. देवकीला दोन मोठे गंज भरून पाणी उकळायला सांगितले.

देवकी म्हणाली, "रुपरावभाऊनं हात लावू नका म्हटलं होतं, बाई."

"रुपरावजी पुरुष आहेत," मी म्हणाले. "त्यांना घाण दिसत नाही."

तासाभरात वाळू पांढरी झाली. कापूस फेकून नवा घातला. मी वर जाऊन लिहिले : स्वच्छ झाली.

मंगळवारी सकाळी आठला रुपरावजी आले. पोते उचलले. वाळू ओंजळीत घेतली, नाकाशी नेली, पुन्हा बादलीत सोडली.

"किती धुतली?"

"सगळी," मी सांगितले. त्यांचा चेहरा पाहून माझा आवाज थोडा चढला. "मी नेहमीच धुते. डॉक्टर असतानाही धूत होते."

"तुमची वही काढा, बाई."

"वही?"

"तुम्ही रोज लिहिता ना? मी बी लिहीत होतो. काढा. पेटी धुतली ते वाचा, अन् मासोळी मेली ते वाचा. दुसरं काई वाचू नका."

मी गेल्या वर्षीची रोजनिशी आणली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून वाचू लागले. पहिला रविवार, पेटी धुतली. बुधवार, दोन गेले. पुढचा महिना, पहिला रविवार, पेटी धुतली. मंगळवार एक, गुरुवार दोन. पुढचा. पुढचा. चार सप्टेंबर, रविवार, पेटी धुतली. सात सप्टेंबर, बुधवार, एक गेला, एक रुग्ण परत गेला. अठरा सप्टेंबर, मी पडले. त्यानंतर पेटीचा उल्लेख नाही. मरणाचाही नाही.

सगळे माझ्याच अक्षरात होते, वळणदार, तारखेसकट. मी रोज लिहीत आले, पण एक पान दुसऱ्या पानाशेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. मी वही मिटली.

"पण मग वाळूत होतं तरी काय?"

रुपरावजी माझ्याशेजारी बसले नाहीत. ते कधी बसत नसत. स्टूल ओढून समोर बसले. "बाई, मासोळी पाण्यातच खाते, पाण्यातच घाण करते. ते घाण इख असते, जहर. आता वाळूवर जे बुळबुळ धरते ना, ते त्या घाणीले खाऊन घेते. बेडवर आमी त्याले साय म्हणू. नव्या वाळूतून पयले दोन-तीन हप्ते पाणी निघते, दिसते काचेवानी, पण ते प्यायचं नाई, सोडून द्यायचं. साय धरली मंग प्यायचं. तुम्ही दही कशानं लावता?"

"विरजणानं."

"विरजणाची वाटी उकळून घेता काय?"

देवकी दाराशी झाडू घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं बाईले."

"तू काहून उकळलं मंग?" रुपरावजी तिच्यावर उलटले.

"मले पगार बाई देते, का तुमची साय देते?"

रुपरावजींना हसू आले. मग ते उठले, सायकलच्या दोन्ही मुठींना दोन बादल्या अडकवल्या. मला म्हणाले, "मासोळ्यायले आज काई टाकू नका. मी विरजण आणतो."

ते अजनीला गेले. चौथ्या बेडवर नत्थूजी होते. पुढे काय झाले ते रुपरावजींनी आल्यावर देवकीला सांगितले आणि मी ऐकले.

"नत्थू म्हणते, साहेबाच्या हुकमाशिवाय वाळूचा एक कण बाहेर जात नाई. मी म्हटलं, नत्थू, हा नियम कोनं केला? तो म्हणते, तूच केला. मी म्हटलं, मंग माहाच दुसरा नियम बी पाह्य, बेडवरून जे जाईन ते वहीत लिहायचं. काढ वही. लिहिलं त्यानं : वरची खरड, दोन बादल्या, मुलांच्या दवाखान्याकरता, सही रुपराव. साहेब खुर्चीतच होते. पाहिलं अन् हसले. म्हणते, न्या बाबा, ते तर आमी फेकूनच देतो."

बादल्यांत काळपट हिरवी, चिकट वाळू होती, साय फार जाड झाली की बेडवरून खरवडून काढतात ती. धुतलेली पांढरी वाळू त्यांनी पेटीच्या तळाशी अंथरली, तिच्यावर बेडवरची खरड बोटभर पसरली, थोडी फिल्टरच्या डब्यात भरली आणि हवेचा पंप सुरू केला. माझे चोवीस बादल्या काचेसारखे पाणी चहाच्या रंगाचे झाले.

"शी!" देवकी म्हणाली. "एवढी महाग पेटी, अन् तिच्यात नाली?"

शरच्चंद्र दोन रुग्णांच्या मधे बाहेर आला. त्याने पेटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. स्वच्छतेच्या बाबतीत मी पहिल्यांदाच त्याच्या बाजूने नव्हते. "उद्या पाहा," मी म्हणाले.

बुधवारी चिखल बसला होता. रुपरावजींनी मासे जाळीने धरले नाहीत. पाण्यासकट एकेक गंजात घेतला, तो गंज नव्या पेटीत अर्धा तास तरंगत ठेवला, आतबाहेरचे पाणी सारखे झाले की वाकडा केला. नऊ माशांना दुपार लागली. सर्वांत मोठ्या माशाला मुलांनी ठाणेदार नाव ठेवले होते, तो शेवटी गेला आणि चार फुटांचा एक फेरा मारून आला. वाट पाहणारी पोरे ओरडली.

आता अडचण वेगळी होती. साय बेडवरची, तिला माशांची सवय नव्हती. तिने जोर धरेपर्यंत पेटीत घाण कमी पडायला हवी. म्हणजे माशांना दिवसाआड चिमूटभर दाणा. आणि बाहेर दिवसाला साठ पोरे, प्रत्येकाच्या हातात बिस्किट. शरच्चंद्रने पाटी लावली : 'माशांना खाऊ घालू नये.' दुपारपर्यंत तीन बिस्किटे आत. रुपरावजींनी ती पाटी काढली आणि खडूने दुसरी लिहिली : 'आज मासोळ्यांचा उपास आहे.'

त्यानंतर एक दाणा पडला नाही. वर्ध्याकडची, काटोलकडची, उमरेडची बाई पोराचा हात आवरून म्हणे, "नको रे, त्यायचा उपास मोडन."

देवकीला हे फारच आवडले. "रुपरावभाऊ, तुम्ही तर उपास मानत नाई."

"मी नाई मानत."

"मंग मासोळ्यायले काहून एकादशी?"

"मासोळ्यायनं दीक्षा घेतली नाई वं अजून."

पण उपास मोडला देवकीनेच. चार दिवस ते नऊ जीव काचेला तोंड लावून तिच्याकडे पाहत होते. शनिवारी दवाखाना बंद करताना तिने डब्यातला मूठभर भात आत टाकला. रविवारी खाली कोणी गेले नाही. सोमवारी सकाळी, तेरा तारखेला, मी दार उघडले तर पेटीतले पाणी ताकासारखे पांढरे. ठाणेदार वर तोंड काढून हवा गिळत होता आणि एका कुशीवर कलला होता.

मला पहिली इच्छा झाली ती सगळे पाणी ओतून पेटी घासायची. माझे हात तसे वळलेलेच आहेत. मी दोन्ही हात पदरात घेऊन बसले आणि रुपरावजींची वाट पाहिली.

ते आले, वाकले, वास घेतला. तळाशी भाताची शिते फुगून पडली होती. देवकी रडायला लागली. "उपाशी पाहवत नोते मले. माह्यापायी तुमची नोकरी गेली, भाऊ."

"नोकरी अजून आहे. नळी आण."

दवाखान्यातली एनिमाची रबरी नळी त्यांनी तोंडाने ओढून शिते खेचून काढली. पाव पेटी पाणी काढले, शनिवारपासून पिंपात उभे ठेवलेले पाणी तितकेच हळू सोडले. "हे पाणी नासलं काय?" मी विचारले.

"नासलं नाई, बाई. विरजून राहिलं. पण खाणं फार झालं, सायीले वेळ द्या लागते."

दहा वाजता शरच्चंद्र आला. त्याने कललेला मासा पाहिला, बॅग खाली ठेवली. "रुपरावजी," तो हळूच म्हणाला, "हातगाडी बोलवायची का?"

"बोलवा ना. पण डॉक्टरसाहेब, तुम्ही नाडी पाहिल्याशिवाय सर्टिफिकेट लिहून राहिले. असं तुमच्या काकाजीनं कधी केलं नोतं."

बाकावर कोणीतरी खुदकन हसले. शरच्चंद्र लाल झाला, मग त्याने खरोखरच स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि काचेला लावला. पोरे हसून लोळली. "ठोके आहेत," तो म्हणाला आणि आत गेला.

त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ पाव पेटी पाणी बदलले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. रुपरावजींनी घरून आपली फुलीची ताटली आणली. पेटीच्या एका टोकाला ती आत टेकवून ठेवायची आणि दुसऱ्या टोकाच्या काचेतून पाहायचे. सोमवारी फुली मुळीच दिसत नव्हती. त्यांनी शाळेची एक चौरेघी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले : 'फुली नाही. ठाणेदार तिरपा.' बुधवारी : 'फुली नाही. ठाणेदार सरळ, तोंड वर.' शुक्रवारी : 'फुली पुसट. ठाणेदार खाली.' मी रोज दुपारी त्यांची वही आणि माझी रोजनिशी समोरासमोर ठेवून ताडून पाहू लागले. त्यांचे शुद्धलेखन माझ्यापेक्षा कच्चे होते आणि नोंदी माझ्यापेक्षा बऱ्या.

तेवीस मार्चला, गुरुवारी, फुली स्वच्छ दिसली. देवकीने सर्वांत आधी पाहिली आणि ओरडून मला जिन्यातून खाली बोलावले. पाणी इतके नितळ होते की पलीकडच्या बाकावर बसलेल्या बाईच्या लुगड्याचा काठ ओळखू येत होता. खालच्या वाळूवर हलकी तपकिरी झाक होती. पूर्वी मी तिला घाण म्हटले असते. सिस्टर फिलोमिनांचे वाक्य चुकीचे नव्हते, न दिसणारे जंतू असतातच. त्यांतले काही आपल्या कामाचे असतात, हे त्यांनी सांगितले नाही, किंवा मी तेवढे ऐकले नाही.

एप्रिल तापला. दुपारी चाळीस, बेचाळीस. पेटीच्या उन्हाकडच्या काचेला रुपरावजी ओले पोते लावत, पण मोठे पाणी लवकर तापत नाही हे आम्ही सगळ्यांनी पाहिले. जुनी पेटी असती तर या आठवड्यातच मासे वर आले असते. उपासाची पाटी एक दिवसाआड खाली येऊ लागली, मग फक्त सोमवारी राहिली. आठवड्याला चार बादल्या पाणी काढायचे, चार घालायचे. डब्यातला कापूस फार भरला तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात एकदा पिळायचा. नळाखाली कधीच नाही. हे सगळे वहीत लिहून त्यांनी ती वही खिळ्याला टांगून ठेवली.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी येत होता, म्हणून शरच्चंद्रने शनिवार धरला. दवाखाना संपल्यावर त्याने खुर्ची पेटीसमोर ओढली. "मी स्वतः मोजणार," तो म्हणाला. मासे एका जागी राहत नाहीत. दोनदा आठ आले, एकदा दहा.

"दहा कसे हो?" देवकी म्हणाली. "एखादी बाळंत झाली काय?"

"तुम्ही बोलू नका, माझी गणती चुकते."

रुपरावजी दाराशी हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही काळजी नव्हती, पण मागचे हात मला दिसत होते. एक हात दुसऱ्याचे मनगट घट्ट धरून होता. शेवटी त्यांनी टिचकीने काच वाजवली. दाण्याच्या आशेने सगळे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले. शरच्चंद्रने बोटाने एकेक मोजला. नऊ.

तो उठला. "बाकं व्हरांड्यात ठेवू," इतकेच म्हणाला. आत जाताना त्याने टांगलेली वही काढली, उभ्या उभ्या चार पाने वाचली आणि परत टांगली. मी सवयीने फिल्टरच्या डब्यावरची चिकट पट्टी पदराने पुसायला गेले, तर तो माझ्यावर ओरडला, "काकू, हात नका लावू! साय आहे ती."

रुपरावजींनी मागचे हात सोडले.

ते पंच्याऐंशीपर्यंत आमच्याकडे होते. ठाणेदार ब्याऐंशीत गेला, म्हातारा होऊन. तोवर ती अट कोणाच्या लक्षातही नव्हती. आता रुपरावजी मुलाकडे इंदोऱ्याला असतात, पार्वतीबाई अजूनही एक दिवसाने मोठ्या आहेत, आणि पेटीची वही शरच्चंद्रने अकराव्यांदा नवी आणली आहे. नोंदी आता देवकी लिहिते. फुली दिसली, इतकेच लिहिते, पण रोज लिहिते.

त्या शनिवारची माझी नोंद अशी आहे :

"शनिवार, २९ एप्रिल १९७८. दुपारी ४४. मासे नऊ. शरच्चंद्रने मोजले. जिन्यातला दिवा गेला होता. रुपरावजींनी जाता जाता नवा लावला, चाळीसचा."